काकांच्या मृत्यूची चौकशी आणि माहितीचा अर्ज

माझ्या काकांचा मृतदेह शेतातल्या विहिरीत सापडला, तेव्हा पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार अकस्मात मृत्यूची नोंद केली. काकांना उत्तम पोहता येत होते आणि विहिरीला चांगल्या पायऱ्या होत्या, त्यामुळे ते बुडाले असतील हे घरात कोणालाच पटत नव्हते. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवले. व्हिसेरा (शरीरातील अवयवांचे नमुने) आणि डायटम चाचणीसाठी हाडाचा नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवला जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले. माणूस जिवंतपणी बुडाला असेल तर पाण्यातले डायटम हे सूक्ष्म शैवाल रक्तावाटे हाडाच्या मगजापर्यंत पोहोचू शकते, म्हणून या चाचणीकडे आमचे सगळे लक्ष लागले होते.

त्यानंतर मात्र ठाण्यात केव्हाही विचारले तरी "रिपोर्ट आला की कळवू" एवढेच उत्तर मिळू लागले. या काळात गावाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला. बांधाच्या जुन्या वादावरून भावकीतल्या एका कुटुंबाकडे बोट दाखवले गेले आणि त्या घरातल्या बायकांशी पाणवठ्यावर बोलणेसुद्धा बंद झाले. त्यांच्याविरुद्ध एका ओळीचाही पुरावा आमच्यासमोर नव्हता, आणि चौकशी कुठवर आली आहे हे पोलिसांनी नुसते सांगितले असते तरी ही कुजबुज एवढी वाढली नसती, असे मला आजही ठामपणे वाटते.

गुन्हा दाखल झाला की तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत गुन्हाच दाखल नसतो, त्यामुळे संशय सर्वांत दाट असतो नेमक्या त्याच टप्प्यावर नातेवाईक या तरतुदीबाहेर राहतात. कायद्यातली ही उणीव मला फार गंभीर वाटते.

शेवटी मी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. साक्षीदारांची नावे किंवा जबाब मी मुद्दाम मागितले नाहीत, कारण ते उघड झाल्यास लोक बोलायचे थांबतील, ही पोलिसांची भीती रास्त आहे. नमुने कोणत्या तारखेला पाठवले, प्रयोगशाळेची पोच कधी मिळाली आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल गेला का, एवढेच मी विचारले. तपासात अडथळा येईल असे सांगून, माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ च्या आधारे तेही नाकारण्यात आले.

प्रथम अपिलात मी दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००७ च्या भगतसिंग प्रकरणातील निकालाचा आधार घेतला. केवळ तपास चालू आहे म्हणून माहिती नाकारता येत नाही, ती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याला दाखवावे लागते, असे त्या निकालात म्हटले आहे. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि तारखा देण्याचा आदेश केला.

त्या तारखांवरून कळले की नमुने कित्येक आठवडे ठाण्यातच पडून होते आणि आम्हाला "रिपोर्टची वाट पाहतोय" असे सांगितले जात होते, तेव्हा ते प्रयोगशाळेत पोहोचलेलेही नव्हते. ते कागद जोडून मी पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार केली. त्यानंतर प्रयोगशाळेला स्मरणपत्र गेले, त्याची प्रत मला मिळाली आणि ती मी ग्रामपंचायतीत सर्वांसमोर वाचून दाखवली, म्हणजे अजून कोणावरही काहीही सिद्ध झालेले नाही हे गावाला कागदावरून कळावे. डायटम चाचणीचा अहवाल अजून आलेला नाही. तो आल्यावर डॉक्टरांच्या अंतिम मताची प्रत मिळावी, असा अर्ज मी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच देऊन ठेवला आहे.