बारा माणसं आणि एक नदी : आमची वाटचाल

आमच्या एका दिवसाच्या सहलीसाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिवसभरात कायकाय दाखवता?" मी सांगते, तीन ठिकाणं. गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल, बोरीची ज्वालामुखीची राख आणि निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीने खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे. मग दुसरा प्रश्न, तोही ठरलेला, "बस, तीनच?" हो, तीनच. सकाळी सहाला पुण्यातून निघायचं, अंधार पडता पडता परत यायचं आणि मधल्या वेळात फक्त दगड बघायचे. ज्यांना हे पटतं ते येतात. ज्यांना पटत नाही त्यांना मी मनापासून दुसऱ्या टूरवाल्यांचे नंबर देते, कारण गाडीत एक जरी कंटाळलेला माणूस असला तरी बाकीच्या अकरांचा दिवस वाया जातो.

सुरुवातीला आम्हीही इतरांसारखेच होतो. जुन्नर तालुका म्हणजे टूरवाल्यांसाठी सोन्याची खाण. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, वर खोडदची रेडिओ दुर्बीण. यातलं जमेल तेवढं एका दिवसात कोंबायचं आणि पत्रकावर ठिकाणांची लांबच लांब यादी छापायची. पस्तीस माणसांची बस, माईक, पोहे, ग्रुप फोटो. धंदा वाईट चालत नव्हता. भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर (नाव घातलेलं त्यांना आवडणार नाही) आमच्या बसमध्ये पाहुणे म्हणून आले आणि तिथून गाडी वेगळ्या रस्त्याला लागली.

नाणेघाटात सगळे सातवाहनांचा जकातीचा दगडी रांजण आणि गुहेतला नागनिकेचा ब्राह्मी लेख बघत होते. सर मात्र घाटाच्या कापलेल्या भिंतीपाशी थांबले होते. दोन-तीन जण त्यांच्याभोवती जमले, मग पाच-सात. काळ्या दगडाचे एकावर एक थर, दोन थरांच्या मधे कुठेतरी विटकरी माती आणि दगडाच्या पोटात तांदळाएवढे पांढरे ठिपके. सर सांगत होते, की साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, मधे काळ गेला, पुन्हा वाहत आला. सह्याद्रीत ह्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा, ज्यांत नंतर पाझरत्या पाण्यातून खनिजं साठली. हे ऐकायला माणसं उन्हात उभी राहिली होती. तिकडे माझा माईकवाला "चला, चला, ओझरला आरतीची वेळ होईल" म्हणून ओरडत होता.

परतीच्या प्रवासात मी सरांना विचारलं, नुसते दगड दाखवायला लोकांना नेलं तर येतील का? ते म्हणाले, "येतील. पण ह्या बसने नको."

त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. दगडापाशी उभं राहून एका वेळी दहा-बारा माणसांनाच नीट दिसतं. मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. माईक लावला की ऐकू येतं, पण बोट कुठे टेकलंय ते कळत नाही. आणि प्रश्न विचारणारा माणूस पस्तिसांच्या घोळक्यात प्रश्न विचारत नाही, तो फोन काढतो.

म्हणून बाराचा आकडा. त्यात आदर्शवाद थोडा आणि हिशोब जास्त आहे. आठ जण भरले की गाडीचं भाडं, डिझेल, टोल आणि माहितगाराचं मानधन निघतं. नववा माणूस चढला की आमच्या घरात चहाला दूध येतं, असं मी गमतीने म्हणते. सोळा बसतील अशी गाडीही मिळते आणि चार जणांचे पैसे दरवेळी डोळ्यांसमोर नाचतात. पण निघोजच्या खडकावर सोळा जण उभे केले की त्यातले चार जण कुठल्या ना कुठल्या काठावर जातातच, आणि त्या काठांविषयी पुढे सांगते.

मार्ग ठरवायला मात्र वेळ लागला. सरांनी नकाशा पसरला आणि कुकडीवर बोट ठेवलं. ही नदी नाणेघाटाच्या परिसरात, कुकडेश्वराच्या बाजूला उगम पावते, जुन्नर तालुका ओलांडते, पुढे शिरूर आणि पारनेरच्या मधून जाते आणि घोड नदीला मिळते. तिच्याच आसपास सगळं आहे, मग इकडेतिकडे पळायचं कशाला? पहिल्या आराखड्यात नाणेघाटही होता. दोन-चार फेऱ्यांनंतर तो काढला, कारण तिथून निघोज गाठेपर्यंत सूर्य कलतो आणि खळग्यांच्या तळापर्यंत उजेड जात नाही. मग शिवनेरी काढला. अष्टविनायक काढताना घरातल्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते विसरणार नाही. अजूनही शिरूरमार्गे परत येताना कुणीतरी हळूच म्हणतंच, "ताई, रांजणगाव वाटेवरच आहे ना?" वाटेवर आहे. गाडी थांबते. दहा मिनिटं. महागणपतीला नाही म्हणण्याची आमची छाती नाही.

आता त्या तीन ठिकाणांविषयी, कारण आमची वाटचाल खरं तर तिथेच झाली.

गुळुंचवाडी कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर, आळेफाट्याच्या पुढे, अणे घाटाच्या अलीकडे. इथली मजा अशी, की पूल आल्याचं कळतच नाही. आपण साध्या खडकावरून चालत असतो. मग सर, किंवा आता त्यांच्या जागी येणारी आमची मुलगी (पोटची नव्हे, भूशास्त्रात एमएस्सी केलेली आमची माहितगार), सगळ्यांना बाजूने खाली ओढ्यात उतरवते आणि वर बघायला सांगते. डोक्यावर दगडाची सलग कमान. मघाशी आपण चालत होतो ती हीच. वरचा कठीण थर टिकला, खालचा कमकुवत भाग ओढ्याने वर्षानुवर्षं पोखरून नेला. माणसाने एक चिरा लावलेला नाही. सुरुवातीला आम्ही हे वर असतानाच सांगून टाकायचो. आता नाही सांगत.

बोरी बुद्रुकला मी स्वतः सगळ्यात जास्त रमते आणि सगळ्यात जास्त तक्रारीही तिथूनच येतात. कारण दिसायला तिथे काहीच नाही. कुकडीचा काठ, मातीची दरड आणि त्या दरडीत एक फिकट, राखाडी-पांढरा पट्टा. ही ज्वालामुखीची राख आहे आणि ती सह्याद्रीतल्या लाव्हाची नाही. संशोधकांनी तिचा संबंध इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडलेला आहे. हजारो किलोमीटरवरून वाऱ्यासोबत आलेली राख आमच्या कुकडीच्या काठावर बसली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इथे काम केलं, अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही ह्या परिसरात मिळाली. वयावर मात्र वाद आहे. एक मत साधारण 75,000 वर्षं म्हणतं, दुसरं कित्येक लाख वर्षं मागे जातं. आम्ही दोन्ही सांगतो. एकदा एक गृहस्थ चिडले, "तुम्हाला नक्की माहीत नाही तर पैसे कसले घेता?" त्यावर सरांनी त्यांना शेजारी बसवून वाद कशावरून आहे ते सगळं समजावलं. पुढच्या हंगामात ते भावाला घेऊन आले.

ती राख हातात घ्यायला आधी आम्ही देत असू. चिमूटभर तळहातावर घेऊन भिंगातून पाहिलं, की काचेचे बारीक, धारदार तुकडे उन्हात लुकलुकतात. पण प्रत्येकाने चिमूटभर म्हणत म्हणत दरडीचं काय होईल, हे उघड होतं. आता एका छोट्या काचेच्या डबीत एकदाच घेतलेला नमुना फिरतो आणि दरडीला हात लावायचा नाही. हाच नियम दगडांना. गारगोटी असो की खनिजाचा खडा, खिशात काही जात नाही. परतताना पोरांच्या खिशांतून खडे निघतात, ते तिथेच ठेवायला लावतो. आईबाप ओशाळतात, पोरं मात्र निर्विकारपणे दुसरा खिसा उघडतात.

जेवण वाटेवर एका घरी असतं. मासवडी, भाकरी, कांदा. मावशींना आदल्या रात्री आकडा कळवावा लागतो आणि त्या दरवेळी बजावतात, "तेरा सांगून अकरा आणू नका, वड्या उरत्यात." आमच्या धंद्यातला सगळ्यात कडक हिशोबनीस त्याच.

मग अळकुटीच्या बाजूने निघोज. इथे कुकडीच्या एका तीरावर पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या तीरावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. म्हणजे एक पाय अहिल्यानगर जिल्ह्यात, एक पुण्यात. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आणि नदीच्या पात्रात तो काळा, भोकाभोकांचा खडक. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, तरी कुणीच लगेच बोलत नाही. पावसाळ्यात नदी दगडगोटे घेऊन येते. खडकात कुठे खाच, भेग किंवा मऊ जागा असली की पाणी तिथे भोवरा धरतं आणि अडकलेला गोटा गरगर फिरत राहतो. गोटा झिजतो, खडक झिजतो. एक गोटा संपला की नदी दुसरा आणून टाकते. आमची मुलगी प्रत्येकाला एक काम देते. एखादा उथळ, कोरडा खळगा शोधा आणि आत हात फिरवा. बाहेरून दगड खरखरीत लागतो, आत मात्र भिंत गुळगुळीत आणि बोटांना आडव्या वळ्या जाणवतात. तळाशी बहुतेक वेळा तो गोटा सापडतोच, अंड्यासारखा गोल. मग शेजारशेजारचे दोन खळगे मधली भिंत फोडून एक झालेले दिसायला लागतात, मग तीन, आणि लक्षात येतं की समोरची खोल घळ अशीच खळगे जोडून जोडून तयार झालेली आहे. हे लक्षात यायला अर्धा-पाऊण तास लागतो. फोटो काढायला पाच मिनिटं. आम्ही तिथे दोन तास ठेवतो.

आता काठांविषयी. मोठा रांजणखळगा वर अरुंद आणि आत फुगलेला असू शकतो, भिंती पॉलिश केल्यासारख्या, शेवाळ असेल तर विचारूच नका. आत पडलेला माणूस पोहता येत असलं तरी पकड मिळत नाही म्हणून बाहेर येऊ शकत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाण्याने भरलेल्या खळग्याच्या काठावर सेल्फी नाही, चपला-सँडल नाहीत, आणि वरच्या धरणांतून नदीत पाणी सोडलं असेल तर फेरीच नाही. टाकळी हाजीतले एक ओळखीचे शेतकरी दादा आहेत, त्यांना आदल्या संध्याकाळी फोन जातो, "पाण्याचं काय?" ते "सोडलंय" म्हणाले की रात्री नऊला बारा जणांना फोन करायचे आणि पैसे परत करायचे. एका कंपनीने साठ जणांची सहल मागितली होती, पाणी असलं तरी लांबून दाखवा म्हणाले. रक्कम चांगली होती. नको म्हटलं. त्यांनी दुसरीकडून केली, ते त्यांचं.

माहितीपत्रकावर आम्ही 'आशियातील सर्वात मोठे' वगैरे काही छापत नाही. लोक विचारतात, इंटरनेटवर तर लिहिलंय. सरांचं उत्तर एकच असतं, "मोजायला कोण गेलं होतं?"

मुंबईकर पुष्कळ येतात. त्यांना मी आवर्जून सांगते, की अंधेरीतली गिल्बर्ट हिल आधी बघून या. सुमारे 61 मीटर उंचीचा उभ्या खांबांचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हाच काळा दगड, तुमच्या इमारतींच्या मधे उभा आहे, 1952 साली त्याला संरक्षण मिळालं, वर गावदेवीचं मंदिर आहे. लाव्हा थिजताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, म्हणून ते खांब. अर्ध्याहून जास्त लोकांनी ती टेकडी पाहिलेली नसते. ह्यात आमचा एक रुपयाचा फायदा नाही, पण गिल्बर्ट हिल पाहून आलेला माणूस निघोजला प्रश्न फार चांगले विचारतो.

2020 च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. गाडी भाड्याची होती म्हणून वाचलो, हप्ते असते तर हे लिहायला बसले नसते. पुन्हा सुरू झालो तेव्हा गंमत झाली. मोठ्या बसमध्ये बसायला लोक बिचकत होते आणि बारा माणसं, मोकळं रान, हे अचानक सगळ्यांना हवंहवंसं वाटायला लागलं. त्या काळात जोडलेली माणसं अजून टिकून आहेत.

उत्पन्नाचं विचाराल तर हा पोटभर धंदा नाही, अर्धपोटी आहे. हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये पहाटे लवकर निघून भागवतो. पुढे काळा खडक असा तापतो की बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. चैत्रात मळगंगेची यात्रा असते, तेव्हा तिथे भाविकांची जागा, आमची नाही. पावसाळ्यात खळगे पाण्याखाली. तेव्हा मी माझ्या मूळ कामाला लागते, लोकांची आयकर विवरणपत्रं भरते. जुलैअखेरची गर्दी संपली की पावसाकडे बघायला सवड मिळते. सांदण दरी का नाही करत, असंही विचारतात. त्या दरीचं गाव साम्रद, ते पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही, आणि मुक्काम आला की पथारी, स्वयंपाक, परवानग्या, रात्रीची जबाबदारी, सगळा धंदाच बदलतो.

सरांचे गुडघे आता बोलायला लागलेत. गुळुंचवाडीला ते खाली ओढ्यात उतरत नाहीत, वर कमानीवर खुर्ची टाकून बसतात. त्यामुळे ह्या हंगामापासून एक बदल केला आहे. ज्येष्ठांसाठी महिन्यातून एक फेरी आठच माणसांची, मधल्या वारी, चाकणची गर्दी टाळून उशिरा निघणारी. उतरणं कमी, बसणं जास्त. त्या फेरीत आठच्या आठ जागा भरल्या तरच खर्च निघतो, म्हणून नोंदणी पंधरा दिवस आधी करावी लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर तेव्हाच सांगा, म्हणजे गाडीत खुर्च्या किती टाकायच्या ते गाडीवाल्या काकांना कळवता येतं.