रिव्ह्यू पेपर आणि अडलेल्या दोन आकृत्या

रिव्ह्यू पेपर, म्हणजे एखाद्या विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहायला घेणार असाल तर एकही परिच्छेद लिहायच्या आधी एक तक्ता करा. कोणती आकृती, कुठल्या पेपरमधली, कॉपीराइट आज कोणाकडे आहे, परवानगी कधी मागितली, मिळाली का, आणि मिळाली असेल तर कुठल्या अटीवर. आमचा पेपर छापून आला, लोक वाचतायत, तरी या परवानग्यांवरचा माझा राग गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

आमचा विषय होता अतिसंवाहक, म्हणजे पुरेशा थंडीत विजेला अजिबात रोध न करणाऱ्या, पातळ फिल्म्स. धातूची फिल्म पातळ करत नेली की एका टप्प्यावर तिची अतिसंवाहकता जाते आणि ती चक्क विद्युतरोधक होते. या विषयातला एक आलेख सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. 1989 साली हॅविलँड, लिऊ आणि गोल्डमन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दिलेला बिस्मथच्या फिल्म्सचा. जाडी 4.36 अँगस्ट्रॉमपासून 74.27 अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). तापमान उतरतं तसा पातळ फिल्म्सचा रोध वर चढत जातो आणि जाड फिल्म्सचा शून्यावर येतो. दोहोंमधली सीमा साधारण 6.45 किलोओहमच्या आसपास, म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या वर्गाची चौपट. हा आलेख न दाखवता या विषयाचा आढावा लिहिणं मला तरी शक्य वाटत नाही.

अडचणीचं मूळ इथेच आहे. नेहमीच्या शोधनिबंधात आकृत्या आपल्या असतात. रिव्ह्यूमधल्या बहुतेक दुसऱ्यांच्या असतात आणि त्यांची मालकी बहुधा त्या काढणाऱ्यांकडेही राहिलेली नसते. पेपर छापून येताना त्यांनी ती प्रकाशकाला लिहून दिलेली असते.

जर्नलला प्रस्ताव पाठवणं, तो मंजूर होणं, तिघांनी विभाग वाटून घेणं, हे सगळं विनातक्रार पार पडलं. लिहिताना कष्ट पडले, पण ते आनंदाचे होते.

परवानग्यांचा बराचसा भागही सोपा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोठ्या प्रकाशकांच्या पेपरच्या पानावर परवानगीचं बटण असतं. ते दाबलं की बहुतेक वेळा राइट्सलिंक ही परवाने देणारी ऑनलाइन सेवा उघडते. तिथे किती आकृत्या हव्यात, कुठे छापणार, तुम्ही मूळ लेखक आहात का, एवढं भरलं की परवाना तिथल्या तिथे हातात येतो. शिवाय एसटीएम या प्रकाशकांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केलेले प्रकाशक एका लेखातल्या तीनपर्यंत आकृत्या एकमेकांना मोफत वापरू देतात. म्हणून अर्जात ‘कुठे छापणार’ या रकान्यात तुमच्या जर्नलच्या प्रकाशकाचं नाव अचूक लिहा. स्वतःचं किंवा संस्थेचं नाव घातलंत तर जिथे शून्य यायला हवं तिथे रक्कम दिसू शकते.

सीसी बाय (श्रेय देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्याखाली आलेल्या पेपरसाठी परवानगीच लागत नाही. श्रेय द्यायचं, परवान्याचा उल्लेख करायचा, आणि आकृतीत बदल केला असेल तर तसं सांगायचं. त्याच परवान्याला ‘अव्यावसायिक’ अशी पुस्ती असेल तर मात्र थांबा आणि संपादकांना विचारा. आणखी एक गैरसमज मी अनेकांकडून ऐकलाय: पेपर आर्काइव्हवर (arXiv, छपाईआधीचे लेख मोफत ठेवणारं संकेतस्थळ) आहे म्हणजे आकृती मोकळी आहे. तसं नाही. आर्काइव्हचा नेहमीचा परवाना आर्काइव्हला तो पेपर वाटण्याचा हक्क देतो. तुम्हाला त्यातली आकृती उचलण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

आता अडलेल्या दोन आकृत्या. दोन्ही एका जुन्या परिषदेच्या कार्यवृत्तातल्या, एकाच गटाच्या. एक आलेख आणि एक सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र. छायाचित्रात धातूची बेटं सुटी सुटी दिसतात, आणि आलेखात त्याच नमुन्यांचा रोध. आमचा तिसरा विभाग या जोडीवर उभा होता. कणीदार फिल्ममध्ये प्रत्येक बेट आपापल्या परीने अतिसंवाहक होतं, तेही जवळपास जाड धातूच्याच तापमानाला, पण बेटाबेटांतल्या कलांचा (इलेक्ट्रॉन-लहरींच्या फेजचा) मेळ बसत नाही म्हणून अख्खी फिल्म अतिसंवाहक होत नाही. एकसंध फिल्ममध्ये संक्रमणाचं तापमानच खाली खाली घसरत जातं. हा फरक नवख्या विद्यार्थ्याला शब्दांत कितीही सांगा, बेटं एकदा डोळ्यांनी पाहिली की लगेच कळतो.

ते कार्यवृत्त छापणारी कंपनी मागेच दुसरीने विकत घेतली होती आणि दुसरीची यादी पुढे तिसरीकडे गेली होती. राइट्सलिंकमध्ये त्या खंडाचा पत्ता नाही. तिसऱ्या कंपनीचा स्वतःचा अर्ज होता, त्यात डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं, आणि या खंडातल्या लेखांना डीओआय दिलेलेच नव्हते. ईमेल केला. स्वयंचलित उत्तर आलं: तुमची विनंती नोंदवली आहे, कृपया अर्ज भरा. कुठला अर्ज? तोच, डीओआयवाला. पुन्हा ईमेल केला, सोबत मुखपृष्ठाचं आणि कॉपीराइटच्या पानाचं छायाचित्र जोडलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त नोंदणी क्रमांक नवा.

बऱ्याच काळाने एका खऱ्या माणसाने उत्तर दिलं. हे शीर्षक आमच्या नोंदींत दिसत नाही, आधीच्या प्रकाशकाला विचारा. आधीच्या प्रकाशकाचा पत्ता बंद पडलेला, ईमेल जशीच्या तशी परत. आणि हे चालू असताना तोच खंड या तिसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर विक्रीला होता! किंमत लावलेली, विकत घ्यायचं बटण चालू. पुस्तक विकताना मालकी ठाऊक असते आणि परवानगी मागितली की नोंद सापडत नाही. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. आकृती काढणारा संशोधक, ती शिकवणारा शिक्षक, ती पाहून शिकणारा विद्यार्थी, यातल्या कोणाच्याही हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला ते आपल्या हातात असल्याचंच माहीत नाही.

मूळ लेखकांना लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, आणि फार प्रेमाने आलं: जरूर वापरा, आनंद वाटेल. आमच्या जर्नलच्या कार्यालयाने ते पत्र स्वीकारलं नाही, कारण लेखक कॉपीराइटधारक नाहीत. नियम म्हणून ते बरोबरच होतं. पण दुसऱ्यांच्या प्रत्येक आकृतीचं पत्र जमा झाल्याशिवाय हस्तलिखित छपाईच्या विभागाकडे जाणार नव्हतं, आणि रेफरींची, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांची, मान्यता मिळालेला पेपर दोन आकृत्यांसाठी नुसता पडून होता.

एका सहलेखकाने सुचवलं, त्या काढून टाकू. मी ठाम नाही म्हटलं. छायाचित्र नसेल तर तिसरा विभाग म्हणजे संदर्भांची यादी उरते, आणि संदर्भांची यादी आज कोणतंही शोधयंत्र काढून देतं. रिव्ह्यू लिहिणाऱ्याने विषय दाखवायचा असतो. 1936 आणि 1937 मध्ये ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मध्ये आलेल्या हान्स बेथे आणि सहकाऱ्यांच्या तीन लेखांवर अणुगर्भाचं भौतिक शिकणारे लोक वाढले, ते त्या लेखांत विषय नीट लावून दिलेला होता म्हणून.

वाट सापडली ती विदेतून (डेटातून). मोजलेले आकडे ही वस्तुस्थिती असते. कॉपीराइट असतो तो त्या आकड्यांच्या विशिष्ट मांडणीवर, म्हणजे छापलेल्या आकृतीवर. मूळ आकडे घेऊन स्वतः नवा आलेख काढला आणि विदा कुठली ते सांगितलं, तर आकृती आपली होते. मात्र जुन्या आकृतीवरून गिरवून फक्त रंग बदलणं म्हणजे हे नव्हे. त्याला ‘रूपांतरित’ म्हणतात आणि त्यालाही परवानगी मागतात. छापील आलेखावरून आकडे उचलणारी वेबप्लॉटडिजिटायझरसारखी साधनं आहेत, पण लॉगरिदमिक अक्षावर बिंदू किंचित सरकला तरी चूक मोठी होते. म्हणून आधी लेखकांकडे मूळ आकडे मागा. आमच्या लेखकांनी ते जपून ठेवले होते आणि लगेच पाठवले. ते हातात आल्यावर मी कणीदार आणि एकसंध फिल्म्स एकाच अक्षांवर घेतल्या. दोन वेगळ्या पानांवर छापलेले असताना जो फरक शोधावा लागत होता, तो आता एका नजरेत दिसतो. या आलेखाचा मला खरोखर अभिमान आहे. पेपरबद्दल कोणी लिहिलं की बहुतेकदा त्याच आलेखाबद्दल लिहितं.

छायाचित्र काही पुन्हा काढता येत नाही. पण त्याच मालिकेतल्या नमुन्यांची, कुठेही न छापलेली आणखी छायाचित्रं लेखकांच्या संग्रहात निघाली. त्यांतलं एक त्यांनी आम्हाला दिलं, जर्नलच्या नमुन्यातल्या पत्रावर सही करून. छापलेल्या चित्रापेक्षा त्यात क्षेत्र मोठं आहे आणि मोजपट्टीही स्पष्ट दिसते. तुमचीही आकृती अशी अडली तर प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. पहिलं स्वयंचलित उत्तर आलं की त्याच दिवशी लेखकांकडे आकडे आणि न छापलेली चित्रं मागा.

प्रस्तावाबद्दल राहिलंच. ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ची नियतकालिकं निमंत्रणावर चालतात, तिथे आपणहून लेख पाठवण्यात अर्थ नाही. इतर बऱ्याच ठिकाणी आधी रूपरेषा पाठवून संपादकांशी बोलता येतं, आणि पूर्ण लेख लिहून मग जर्नल शोधण्यापेक्षा ते कितीतरी बरं. रूपरेषेत आधीच्या रिव्ह्यूंची नावं स्वतःहून घ्या आणि तुमचा त्यांहून वेगळा कसा ते सांगा. संपादक तेच पहिल्यांदा विचारतात.

परवाना मिळाला की त्यात प्रीप्रिंटचा, म्हणजे छपाईआधी खुल्या ठेवलेल्या प्रतीचा, उल्लेख आहे का ते पाहा. परवाना फक्त जर्नलमधल्या छपाईपुरता असेल तर त्याच आकृतीसकट लेख आर्काइव्हवर टाकण्याआधी पुन्हा विचारावं लागतं.

संदर्भ तपासताना मागे घेतलेले पेपर शोधा. अतिसंवाहकतेत हे फार गरजेचं आहे. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता मिळाल्याचा ‘नेचर’मधला 2020 चा दावा 2022 मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याच गटाचा 2023 चा पेपर त्याच वर्षी. आपला लेख लिहीत असतानाही असं होऊ शकतं, म्हणून पाठवण्याआधी एकदा आणि प्रूफच्या वेळी पुन्हा यादी तपासा. संदर्भांची यादी जुळवणारं बिबटेक वापरत असाल तर शीर्षकांतली जोसेफसनसारखी नावं महिरपी कंसात ठेवा, नाहीतर काही शैलींत त्यांचं पहिलं अक्षर लहान होतं. आणि स्वतःच्या प्रबंधातले परिच्छेद जसेच्या तसे घेऊ नका. साम्य तपासणारी प्रणाली ते पकडते आणि खुलासा द्यावा लागतो.

रेफरींच्या शेऱ्यांपैकी एकच सांगते, कारण त्याने पेपर सुधारला. काही फिल्म्स ना अतिसंवाहक ना रोधक, मधल्याच धातूसारख्या अवस्थेत थांबतात, यावर आम्ही दोन्ही बाजू मांडून पुढे सरकलो होतो. रेफरींनी विचारलं, तुमचं मत काय? आम्ही तो भाग पुन्हा लिहिला. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट नीट गाळला की काही फिल्म्समधली ही अवस्था नाहीशी होते, हे 2019 मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे गाळण्यांचा तपशील न देणाऱ्या मोजमापांवर भिस्त ठेवू नये, असं आम्ही स्पष्ट लिहिलं. त्यावर काही जण नाराज झाले. पण ज्यांनी विषयात वर्षं घालवली त्यांनीच मत द्यायचं नाही, तर नवख्याने ते कोणाकडून घ्यायचं?

प्रूफ आल्यावर समीकरणांइतकंच लक्ष आकृत्यांखालच्या श्रेयाच्या ओळींवर द्या. प्रकाशक परवान्यात जी ओळ देतो ती अक्षरशः तशीच हवी असते, आणि मजकूर जुळवताना ती कापली जाऊ शकते. आमच्या प्रूफात दोन ठिकाणी वर्ष गळलं होतं. मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, तेव्हा सगळे परवाने एका फोल्डरमध्ये, आकृतीच्या क्रमांकाने नाव देऊन तयार ठेवा. आमचे तसे होते, म्हणून दुरुस्त्या त्याच संध्याकाळी परत गेल्या.