शेवटची एक जागा

निवड चाचणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत आमच्या जिल्ह्याच्या वरिष्ठ महिला बास्केटबॉल संघातील अकरा नावांवर एकमत झाले होते. संघात बारा खेळाडू घेता येतात, म्हणजे उरली होती एकच जागा, आणि त्या एका जागेने निवड समितीतील आम्हा तिघांना रात्री नऊपर्यंत मैदानाशेजारच्या खोलीत बसवून ठेवले. मी २२ वर्षे प्रशिक्षण देतो आहे आणि त्यांतील ९ वर्षे निवड समितीवर आहे. पण एका नावापायी इतका जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

दोघींची नावे येथे लिहिणे योग्य नाही. एकीला थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. थोरली ३० वर्षांची, गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, राज्य अजिंक्यपद स्पर्धेत आठ वेळा आमच्याकडून खेळलेली. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली, आणि पुन्हा खेळणार नाही असे सगळे म्हणत असताना ती वर्षभरात मैदानावर परतली. धाकटी १७ वर्षांची, अकरावीत शिकणारी, उंची पाच फूट अकरा इंच. रिंगजवळ चेंडू मिळाला की एका ड्रिबलमध्ये ती बचावपटूला मागे टाकते आणि डाव्या हातानेही ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू, सहज घालते. इतकी उंच आणि तरीही इतकी चपळ मुलगी आमच्या जिल्ह्यात गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिलेली नव्हती.

एक गोष्ट मी चाचणी सुरू होण्याआधीच सहकाऱ्यांना सांगितली होती. थोरली बारा वर्षांची असल्यापासून माझ्या हाताखाली शिकली आहे, तेव्हा तिच्याबाबतीत माझे मत जरा हात राखूनच धरा. समितीतील ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, म्हणाले, "तू मोकळेपणाने बोल. किती धरायचे ते आम्ही बघू."

शारीरिक चाचण्यांत नवल काही घडले नाही. धावण्यात, उडीत आणि दिशा बदलण्याच्या वेगात धाकटी पुढे होती आणि तशी ती असणारच होती.

पहिल्या दिवशीच्या सराव सामन्यात दोघी योगायोगाने एकाच संघात होत्या. त्या सामन्यात धाकटीने नऊ बास्केट केले आणि बाजूला उभे असलेले लोक तिच्या प्रत्येक ले-अपला टाळ्या वाजवत होते. मीही भारावलो होतो. रात्री घरी वही उघडून नोंदी वाचल्या, तेव्हा लक्षात आले की त्या नऊपैकी सहा बास्केट थोरलीच्या पासवर झाले होते. धाकटी बचावपटूच्या पुढे अर्धे पाऊल निघाली, की नेमक्या त्याच क्षणी चेंडू तिच्या हातात पोहोचत होता. ना आधी, ना नंतर. ज्याला आम्ही सगळे धाकटीची गुणवत्ता समजत होतो, तिच्यातील किती तिची स्वतःची आणि किती थोरलीच्या नजरेची, हे त्या सामन्यावरून ठरवता येत नव्हते. निवड करणारा माणूस चेंडूमागे बघत राहिला, तर पास देणारीपेक्षा बास्केट करणारी त्याला नेहमीच मोठी दिसते. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही मी चेंडूमागेच बघत होतो, हे मला त्या रात्री टोचले.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दादांना विनंती केली की दोघींना समोरासमोरच्या संघांत घालावे आणि दोन्ही संघांना फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर अंगावर जाऊन केलेला बचाव, लावायला सांगावे. राज्य स्पर्धेत पुणे, मुंबई, नागपूर अशा बलाढ्य जिल्ह्यांशी गाठ पडली, की ते आमच्यावर पहिल्या मिनिटापासून प्रेस लावतात. आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि त्या आठ सेकंदांतच आमचे बहुतेक पराभव सुरू होतात.

तो खेळ १४ मिनिटे चालला. धाकटीने दोन बास्केट केले आणि पाच वेळा चेंडू गमावला. अंगावर दोघी धावून आल्या, की ती कोपऱ्यात जाऊन ड्रिबल थांबवत असे. कोपऱ्यात दोन बाजूंना रेषा असतात आणि दोन बाजूंना प्रतिस्पर्धी; थांबलेल्या खेळाडूला तिथून सुटका नसते. तिसऱ्या वेळी मी तिला जवळ बोलावून सांगितले की कोपऱ्याकडे न जाता मध्यभागाकडे तोंड करून चेंडू घे आणि दुसरी धावून यायच्या आत पास दे. पुढच्या दोन वेळा तिच्याकडून तीच चूक झाली. त्यानंतर मात्र तिने सलग तीनदा बरोबर केले, आणि तिसऱ्यांदा तर पास देऊन स्वतः रिंगकडे धावली, जे मी तिला सांगितलेच नव्हते. होतकरू हा शब्द आपण उंचीला आणि उडीला लावतो. मला तो अशा जागी दिसतो: एकदा सांगितलेले किती लवकर अंगात उतरते आणि त्यात खेळाडू स्वतःचे काय घालते, यात. त्या दृष्टीने ती मुलगी खरोखरच विरळा होती.

थोरलीने त्याच १४ मिनिटांत चेंडू एकदाही गमावला नाही. मात्र बचावात तिच्या उजव्या बाजूने वेगवान गार्ड चार वेळा निघून गेली. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूला तिचे पाऊल उशिरा पडते. ती ते जाणते, म्हणून एक पाऊल मागे राहून प्रतिस्पर्ध्याला मदतीच्या खेळाडूकडे ढकलते. पण मदतीला कोणी नसेल तर हा उपाय अपुरा पडतो. फास्ट ब्रेकवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या झटपट चढाईवर, बचावाला परतताना पाचांत ती शेवटची होती. हे मी समितीसमोर सर्वांत आधी मांडले, कारण माझ्या शिष्येचे उणे माझ्या तोंडून आधी यायला हवे होते.

खोलीत ताईंनी, म्हणजे समितीतील तिसऱ्या सदस्यांनी, धाकटीची बाजू अतिशय तळमळीने मांडली. "बाकी सगळे आपण शिकवू, पण उंची कुठून आणणार? आज हिला घेतले नाही तर उद्या व्हॉलीबॉलवाले घेऊन जातील." हा धोका खरा होता, उंच मुलींच्या बाबतीत ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. मग त्यांनी १९९६ सालचा दाखला दिला. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या नवोदितांच्या निवडीत शार्लट हॉर्नेट्सने तेराव्या क्रमांकावर १७ वर्षांच्या कोबी ब्रायंटची निवड केली आणि अनुभवी सेंटर व्लादे दिवाच याच्या बदल्यात तो लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला. पुढे ब्रायंटने लेकर्सबरोबर पाच विजेतेपदे मिळवली. "आपल्याला शार्लट व्हायचे आहे का?" असे ताईंनी विचारले.

मला हा दाखला ठाऊक होता आणि तो अर्धाच सांगितला जातो असे मला नेहमी वाटते. दिवाचला घेऊन शार्लटने पुढच्या हंगामात ८२ पैकी ५४ सामने जिंकले, जी तोवरची त्या संघाची सर्वोत्तम कामगिरी होती. ब्रायंट त्या हंगामात लेकर्सकडून बहुतेक वेळ राखीव म्हणून खेळला आणि त्याची सरासरी ७.६ गुणांची होती. त्याला वाढायला वेळ आणि सामर्थ्यवान संघ मिळाला. निर्णय वीस वर्षांसाठी घ्यायचा की एका हंगामासाठी, यावर उत्तर बदलते. आम्हाला तर पाच दिवसांच्या स्पर्धेसाठी निवड करायची होती.

दादांनी पी. अनिता यांचे नाव काढले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या भारताच्या कर्णधार झाल्या. ताई लगेच म्हणाल्या, "बघा!" त्यावर दादा शांतपणे म्हणाले, "आणि तिशी ओलांडल्यावरही त्या भारताकडून खेळत होत्या. वयावरून काहीच ठरत नाही."

माझा मुद्दा वेगळा होता आणि तो मांडताना माझा आवाज कापत होता, कारण त्याचा शेवट माझ्या शिष्येच्या बाजूने होत होता. सामना ४० मिनिटांचा. पाच खेळाडूंची मिळून २०० मिनिटे होतात. माझ्या नोंदींप्रमाणे आमच्या संघात पहिल्या आठ जणीच त्यांतील सुमारे १८० मिनिटे खेळतात. तरुण खेळाडूला शेवटची जागा देऊन आपण तिला संधी दिली असे म्हणतो, पण प्रत्यक्षात तिला पाच दिवस बाकावर बसवतो. धाकटीला प्रेसखाली चेंडू हाताळायला शिकायचे आहे, आणि ते बाकावर बसून शिकता येत नाही. त्याच मोसमात अठरा वर्षांखालील स्पर्धा होती. तिथे ती पहिल्या पाचांत राहून पूर्ण सामने खेळू शकली असती. आणि निवडलेल्या अकरा जणींत खरी गार्ड एकच होती. तिच्या नावावर लवकर फाऊल जमा होऊन तिला बाहेर बसावे लागले, तर चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, या प्रश्नाला धाकटीकडे आज उत्तर नव्हते. थोरलीकडे दहा-पंधरा मिनिटांपुरते होते.

दादांनी बराच वेळ विचार करून थोरलीच्या बाजूने मत दिले. ताईंनी आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवायला सांगितले आणि आम्ही ते त्यांच्याच शब्दांत नोंदवले.

स्पर्धेत आम्ही उपांत्यपूर्व फेरीत सहा गुणांनी हरलो. थोरली त्या सामन्यात १७ मिनिटे खेळली. तिच्या हातून चेंडू एकदाच गेला, पण तिच्या उजव्या बाजूने त्यांनी तीन सोपे ले-अप केले. ताई चुकल्या होत्या असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि आम्ही बरोबर होतो असेही नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. यादी सकाळी फलकावर लागणार होती. धाकटीने तिथे उभे राहून आपले नाव शोधावे, हे मला नको होते, म्हणून साडेनऊला मी तिच्या वडिलांना फोन केला. ते "बरं सर" एवढेच म्हणाले आणि त्यांनी फोन तिच्याकडे दिला. मी निर्णय सांगितला. ती काही क्षण गप्प होती. मग तिने विचारले, "सर, माझी उंची कमी पडली का?"

लहानपणापासून सगळ्यांनी तिच्याशी केवळ तिच्या उंचीबद्दल बोललेले असणार. मी म्हणालो, "नाही गं. उंचीचा काही प्रश्नच नव्हता. प्रेसमध्ये चेंडू पाच वेळा गेला."

"कुठे कुठे गेला ते सांगता का?"

मी वही उघडली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी ती मला थांबवून विचारत होती, की त्या क्षणी मधे कोण मोकळे होते. पाचही नोंदी सांगून होईपर्यंत दहा वाजून गेले होते.