बारा पेरं आणि एक गंधार

शनिवारी सकाळच्या एसटीने साताऱ्याहून स्वारगेटला उतरले, मावशीकडे जेवले, ताणून झोपले. संध्याकाळी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकायला जायचं होतं आणि या वेळी मावशीला घेऊन जायचं होतं. त्या दोन दिवसांत पुण्यात बाकी काय केलं ते सांगण्यासारखं नाही.

मावशी सदाशिव पेठेतली, सत्तरीला आलेली. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली. सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हा सतरंजी आणि थर्मास घेऊन रात्री जागवणारी. "ब्लूज म्हणजे काय ते आधी सांगू नकोस," तिने बजावलं, "मला ऐकू दे."

मंडईहून मेट्रो घेतली. सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना जमिनीच्या पोटातून पार वर पुलावर यावं लागतं, सरकत्या जिन्यांमागून सरकते जिने. मावशीने माझा हात घट्ट धरला होता. बंड गार्डनला उतरून कोरेगाव पार्कपर्यंत रिक्षा.

जागा छोटी. चाळीसएक खुर्च्या, मंद दिवे. चौघंच वाजवणारे: गिटार घेऊन गाणारा एक मुलगा, बेस, ड्रम्स आणि माउथ ऑर्गन. वाजवत छान होते, पण पहिला पाऊण तास मला नीट ऐकूच आला नाही. पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. केक, फोटो, हाका, परत फोटो. तिकीट काढून आलेल्या माणसांनी गाणं चालू असताना इतक्या मोठ्याने का बोलावं, हे मला कधीच कळलेलं नाही आणि त्याचा मला मनापासून राग येतो. मावशीसमोर तर शरमही वाटली. तिला बोलले तसं. मग हेही सांगितलं की ब्लूज गाणारा मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीतून शिकागोला आला, तेव्हा तिथल्या बारमधल्या गोंगाटात त्याची साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची घेतली. म्हणजे हा कलकलाट जुनाच.

"मग आवाज वाढवण्यापेक्षा लोकांना गप्प करायचं ना," मावशी म्हणाली.

आणि मध्यंतरानंतर त्या मुलाने नेमकं तेच केलं. एक अगदी संथ गाणं धरलं. पहिल्या आवर्तनानंतर गिटारचा आवाज कमी केला. मग आणखी कमी. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश घेतले. आता तार छेडल्याचा नुसता टिचका ऐकू येत होता. वाढदिवसाच्या टेबलावरचं एक वाक्य अर्ध्यावर तुटलं, कुणीतरी हातातला ग्लास हळूच खाली ठेवला. पंखा फिरल्याचंही ऐकू येईल इतकं शांत झालं.

मी मावशीकडे पाहिलं. डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर उताणा. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. तर्जनीची तीन पेरं, मग मधल्या बोटाची, अनामिका, करंगळी. एका पेरावर चार मात्रा थांबायचा आणि पुढे जायचा. करंगळीचं शेवटचं पेर संपून अंगठा पुन्हा तर्जनीवर टेकला आणि त्याच क्षणी झांज वाजली. मावशीने डोळे उघडले.

"अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन आहे गं! बारा पेरं. आणि बघ, पहिली चार पेरं सा सोडत नाही. मग दोन मध्यमावर, दोन परत घरी. नवव्याला पंचम, दहाव्याला मध्यम आणि शेवटची दोन पुन्हा सा. येतेय ना सम?"

मी पंधरा वर्षं ब्लूज ऐकतेय. ब्लूजच्या आवर्तनाचे बारा बार, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा भाग, मला वाचून ठाऊक होते. तिने ते एका हातावर मोजून काढले.

पुढच्या आवर्तनात तो गायला. एक ओळ म्हणायची, उरलेल्या जागेत गिटारने उत्तर द्यायचं. तीच ओळ पुन्हा, पुन्हा उत्तर. मग तिसरी ओळ वेगळी, पहिल्या दोघींना पुरी करणारी. मावशी पुढे सरकून बसली होती. एका जागी त्याने तार अशी ओढली की तिच्या तोंडून "अरेरे, वा!" निघून गेलं, चांगलं मोठ्याने. त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्या मुलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, हसला आणि तीच जागा पुन्हा घेतली, खास तिच्यासाठी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्यात दाद द्यायची रीत आहे, पण ती इथे, या गाण्यापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं.

संपल्यावर मावशी थेट त्याच्याकडे गेली. "तो गंधार कुठून काढतोस रे? कोमल नाही, शुद्धही नाही."

"काकू, बोट कोमलवर ठेवतो आणि तार थोडी ओढतो. शुद्धपर्यंत जाऊ देत नाही." त्याने गिटार पुढे करून दाखवलं. तार ओढताना बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, त्यावर घट्ट घट्टा. मावशीने तो घट्टा अंगठ्याने चाचपून पाहिला. "छान कमावलायस," म्हणाली.

शेवटची मेट्रो चुकली. रिक्षावाल्याने मीटर टाकला नाही, सांगेल तेवढे दिले. वाटेत मी तिला डब्ल्यू. सी. हँडी या जुन्या ब्लूज संगीतकाराची हकिगत सांगितली. 1903 च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत असताना त्याने एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी फिरवून वाजवताना ऐकलं होतं. तो एकच ओळ तीनदा म्हणत होता.

"सुरीने मींड," मावशी हळूच म्हणाली आणि लक्ष्मी रोडपर्यंत गप्प राहिली.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मी अंथरूण घालेपर्यंत तिने पेटीवरचं कापड काढलं होतं. काळी चारचा सा धरला, मग कोमल गंधार, मग शुद्ध. दोन्ही पांढऱ्या पट्ट्या, एकीला एक चिकटून. मध्ये काळी पट्टीसुद्धा नाही. दोन्ही एकदम दाबून पाहिल्या, मान हलवली, भाता बंद केला. मग शेजारी जागे होणार नाहीत एवढ्या बारीक आवाजात सा लावला, कोमल गंधारावर आली आणि तिथून सूर अगदी थोडा वर ओढला.

"हा," म्हणाली, आणि पुन्हा लावला.