चिंचोक्याचा रंग

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं होतं. आजी ते बोलल्या पावणेएकला. मधल्या दीड तासाचं काय करायचं, ते अजून ठरत नाहीये.

एरंडवण्यात माझं कॅमेरे भाड्याने द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खोल्या, एक एसी आणि पेट्याच पेट्या. त्याआधी चौदा वर्षं मी अटेंडंट होतो. कॅमेऱ्याबरोबर जायचं, भिंगं बदलायची, फिल्टर पुसायचे, रात्री सगळं मोजून परत आणायचं. आता मुलं जातात. पण डिसेंबर म्हणजे लग्नसराई, आमच्या पोराच्या बहिणीचं लग्न नेमकं त्याच दिवशी, म्हणून मीच गेलो.

काम संक्रांतीच्या साड्यांच्या जाहिरातीचं. लक्ष्मी रोडवरचं दुकान, नाव सांगत नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्याची गच्ची, नवी सून, पहिला सण, अंगावर काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, मागे आकाशात पतंग. कल्पना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही.

आदल्या आठवड्यात प्रॉडक्शनवाल्याचा फोन आला. यादीतलं एकेक नाव वाचून ‘हे लागेलच का?’ विचारायची त्याची पद्धत. मंडईत पालेभाजीची जुडी सोडून बघतात तसं.

“दादा, मॅट बॉक्स नको ना?”

“भर उन्हात गच्चीवर शूट आहे. एनडी लावू कुठे, कपाळाला?”

“अच्छा. नाही, मग द्याच. क्लायंट बसणारेत समोर. कॅमेरा जरा भरलेला दिसला पाहिजे.”

हे वाक्य मी वर्षातून दहा वेळा ऐकतो. मॅट बॉक्स म्हणजे भिंगापुढे लावायची चौकट, पण लोकांना तो कॅमेऱ्याचा फेटा वाटतो. त्याचे पंख, म्हणजे फ्लॅग, तिरपं ऊन अडवतात तेवढं दिसतं. खरं काम पोटात असतं. तिथे ट्रे, ट्रेमध्ये चार बाय पाच पॉइंट सहा पाच इंचांची काच, एनडी म्हणजे उजेड कापणारी किंवा दुसरी कुठली, आणि अशा किती काचा बसतात यावर सगळा खेळ.

त्या दिवसाचा हिशेब सांगतो. बाराचं ऊन, आयएसओ ८००, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. यात काहीच लावलं नाही तर अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) जातं एफ ६४ ला, म्हणजे अगदी बारीक. तो आकडा आमच्या भिंगांवर कोरलेलाच नसतो. डीओपींना, म्हणजे मुख्य कॅमेरामनना, हवं होतं ४, कारण मागचे पतंग विरघळायला हवे होते. ६४ वरून ४ म्हणजे आठ स्टॉप, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा करायची एक पायरी. १.२ ची एनडी चार स्टॉप कापते, म्हणजे तशा दोन. वर हलव्याच्या पांढऱ्याभोवती थोडं धुकं हवं म्हणून एक-अष्टमांश ब्लॅक प्रो-मिस्ट. झाल्या तीन काचा.

प्रॉडक्शनला द्यायचा होता क्लिप-ऑन. हलका, स्वस्त, दोन ट्रेंचा, थेट भिंगाच्या तोंडावर बसणारा. सिनेमाची भिंगं असती तर मी दोन काचांवर भागवा म्हणालो असतो. पण डीओपी स्वतःची फोटोची भिंगं आणणार होते. त्यांची तोंडं कुठल्याच मापाची नसतात, प्रत्येकाला वेगळं कडं लागतं. शिवाय काहींचं नाक फोकस फिरवला की पुढे येतं, मग तोंडावर लटकलेला मॅट बॉक्सही तीन काचा घेऊन पुढे येतो. म्हणून मी रॉडवरचा तीन ट्रेंचाच पाठवायचा हट्ट धरला. त्याचं सगळं वजन रॉडवर, भिंगाला स्पर्शही नाही. भिंग आणि बॉक्सच्या मधल्या फटीला कापडी डोनट लावायचा, नाहीतर सूर्य पाठीमागे आला की ऊन काचेच्या मागच्या अंगावर पडतं आणि चित्रात कॅमेरामनचाच पांढरा शर्ट तरंगतो. मी तो पाहिला आहे, दुसऱ्याच्या शूटवर.

फॉलो फोकसवरही, म्हणजे फोकसची रिंग फिरवायच्या चाकावरही, अशीच घासाघीस. वेगळा फोकस पुलर कापला गेला होता, ‘दादा, तुम्ही आहातच की’. वायरलेस मी स्वतःच नको म्हणालो. फोटोच्या अनेक भिंगांना दोन्ही टोकांना थांबा नसतो, रिंग गोल गोल फिरत राहते. मोटरने शिकायचं काय त्यातून? काहींचा फोकस तर आतल्या मोटरवर चालतो. हळू फिरवलं तर खूण एका जागी, झटक्यात फिरवलं तर भलतीकडेच. अशी भिंगं मी बाजूला काढायला लावली. उरली ती जुनी, हाताने फिरणारी, बहुतेक निकॉनची. त्यांची रिंग सिनेमाच्या भिंगांच्या उलट दिशेने फिरते, म्हणून दिशा पालटायचा गिअर असलेला फॉलो फोकस घेतला. रिंगेवर पॉइंट एट पिचचे दाते चढवले. रबरी कडं चालत नाही. घसरतं. आदल्या रात्री दुकानातच टेप लावून पांढऱ्या तबकडीवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या.

हे एवढं सांगतोय, कारण यात मी कुठेही चुकलो नव्हतो. ८५ चं भिंग, ४ चं अ‍ॅपर्चर, पाच फूट अंतर, फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम दोन-तीन इंच. शॉट असा की हलव्याच्या तन्मण्यावरून तिच्या डोळ्यांवर यायचं, आणि ती मधेच कठड्याकडे वळणार. एवढ्या अंतरात रिंग बोटाच्या पेराएवढीसुद्धा फिरत नाही. पहिल्या टेकला लागला. हलव्यावरचा काटा न् काटा मोजून घ्यावा असा. दिग्दर्शक ‘वा’ म्हणाले. ते मधेमधे ‘पोलरायझर लावा, साडीची चमक वाढेल’ असंही म्हणत होते. पोलरायझर चमक वाढवत नाही, खातो. जरीची मात्र त्याला खाता येत नाही, कारण धातूवरची चमक त्याच्या दाढेला लागत नाही. पण दिग्दर्शकांना काही ना काही म्हणावं लागतं.

आता चुकलो ते.

साधी एनडी डोळ्यांना दिसणारा उजेड कापते. तांबड्याच्या पलीकडचे, न दिसणारे आयआर (इन्फ्रारेड) किरण तसेच जाऊ देते. जुन्या फिल्मला त्या किरणांचं सोयरसुतक नव्हतं. डिजिटल सेन्सरला आहे. त्याच्यापुढे ते अडवायला काच असते, पण थोडे झिरपतातच. एरवी कळत नाही. पण आठ स्टॉप कापले म्हणजे दिसणारा उजेड सुमारे अडीचशेपट कमी झाला आणि न दिसणारा तसाच राहिला. मग तो चित्रात चढतो, आणि पहिला चढतो काळ्यावर. त्यासाठी आयआर-एनडी मिळते, ती दोन्ही कापते. माझ्याकडे असा एकच संच होता आणि तो मुंबईला एका मालिकेवर गेला होता. मी कोटेशनमध्ये लिहिलं ‘एनडी संच’. तेवढंच. डीओपींनी कुठली ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाहेरून मागवला असता तर दीड हजार वाढले असते, आणि प्रॉडक्शनवाला पुन्हा जुडी सोडून बसला असता.

जाहिरात काळ्या साडीची आहे हे मला माहीत होतं. नेमकं हेच मला खातं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी मॉनिटरवर पाहिलं ते साडी नव्हे, तुळस. कठड्याजवळच्या वृंदावनातली तुळस कावीळ झाल्यासारखी दिसत होती. झाडाचं पान हे किरण भरभरून परत फेकतं, म्हणून हिरव्यातही ते लगेच दिसतं. मग नजर साडीवर गेली. पदर काळा नव्हता. ब्लाउज काळा होता आणि पदर तपकिरी-लालसर, दोन्ही एकाच दुकानातले, एकाच ढिगातले.

डीओपींनी त्याच वेळी व्ह्यूफाइंडरवरून डोळा काढून नुसत्या डोळ्यांनी तुळशीकडे पाहिलं. मग पुन्हा डोळा लावला आणि म्हणाले, “चला, पुढचा.” त्यांनाही कळलं होतं, असं मला वाटतं. शपथेवर सांगू शकत नाही.

मी का बोललो नाही? अटेंडंटने चित्राबद्दल बोलायचं नसतं, हे मी विसाव्या वर्षी शिकलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते काका म्हणायचे, काच आपली, चित्र त्यांचं. हे कारण झालं, खोटंही नाही. पण मी आता अटेंडंट कुठे आहे? पेट्या माझ्या, काच माझी. तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य ‘काच मी दिली’ हेच निघालं असतं, आणि समोर क्लायंट खुर्च्या टाकून बसलेले.

त्या खुर्च्यांमध्ये मालकांच्या आई होत्या. ऐंशीच्या घरातल्या, स्वतः काळं सुती लुगडं नेसून आलेल्या, संक्रांतीची जाहिरात आहे म्हणून. तोपर्यंत त्या ऊन लागतं म्हणून खाली माजघरात होत्या. पावणेएकला वर आल्या, मॉनिटरपुढे बसल्या, चष्मा पुसला.

“ही कुणी दिली हिला?”

“कोण, आई?”

“साडी. चंद्रकळा म्हणालास ना? ही तर चिंचोक्याच्या रंगाची आहे.”

दिग्दर्शक म्हणाले मॉनिटर तसा दाखवतो, नंतर मुंबईत दुरुस्त होतं. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, सावकाश चालत मुलीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या लुगड्याचा पदर तिच्या पदरावर धरला. “आता बघा की तुमच्या त्यात.”

मॉनिटरवर दोन काळे. आजींचा, नेसून नेसून विटलेला, तरी काळाच. शेजारी कालच घडी मोडलेला नवा पदर, चिंचोका. आणि त्यावर ब्लाउजचा तिसरा काळा. मॉनिटर बिघडला असता तर तिन्ही बिघडायला हवे होते. धागा आणि रंग वेगळा म्हणजे काळा वेगळा, एवढं आम्हाला कुणी सांगायला नको होतं. आणि म्हणूनच ते मुंबईत दुरुस्त होत नाही. पदरातला लाल ओढायला गेलं की केसांतला जातो, मग मुलगी आजारी दिसते.

गच्चीवर सगळे गप्प झाले. तेव्हा मी बोललो. म्हणालो, काच साधी आहे, आयआरची नाही, आणि आता इतक्या उशिरा पुण्यात शोधत बसण्यापेक्षा एक काच काढू. आयएसओ २०० केलं की दोन स्टॉप. शटर १८० अंशांवरून ९० वर, म्हणजे १/५० चं १/१००, एक. वर बारा बाय बाराचा स्किमर, म्हणजे ऊन मऊ करणारं पातळ कापड, ताणला, एक. आठातले चार गेले, मॅट बॉक्समध्ये एकच एनडी राहिली. आयएसओ उतरवल्याने पांढरा लवकर फाटतो, म्हणजे हलव्यावर नजर ठेवावी लागणार होती. नव्वदच्या शटरने हात जरा झटकल्यासारखे दिसतात. स्किमरच्या बाहेरचं आकाश भगभगीत होणार होतं. पण पदर काळा झाला. अगदी कोळशासारखा नाही, तरी चंद्रकळा म्हणावा इतका. आजींनी मान हलवली आणि खाली जेवायला गेल्या.

तोवर अकरा शॉट झाले होते. साडेचारला शेजारच्या इमारतीची सावली गच्चीवर येईपर्यंत सहा पुन्हा झाले. तो तन्मण्यावरून डोळ्यांवर यायचा शॉट पुन्हा चार टेक केला आणि चारही वेळा फोकस अर्ध्या इंचाने मागे राहिला. जाहिरातीत सकाळचाच लावलाय, पदर रंगवून. मी ओळखतो. आजीही ओळखत असणार.

बिलातून फिल्टरचं भाडं कापलं गेलं, ‘काचा जुन्या होत्या’ असा शेरा मारून. कुणाच्या सांगण्यावरून, ते मी विचारलं नाही. काचा जुन्या नव्हत्या, वेगळ्या होत्या. एवढी दुरुस्ती मी करून पाठवली, पैसे मागितले नाहीत.

संक्रांतीला साडीच्या दुकानातला पोऱ्या दुकानावर आला. हातात तिळगुळाची पुडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कात्रण, त्याच नव्या साडीचं, वीतभर. आजींनी दिलंय, म्हणाला, निरोप काही नाही. आता आमच्याकडे कुठलाही कॅमेरा बाहेर जाण्याआधी पोरं ते कात्रण दुकानासमोरच्या उन्हात स्कूटरच्या सीटवर पसरतात, शेजारी एक छत्री आणि माझी जुनी सुती टोपी ठेवतात, आणि एकेक काच लावून बघतात. येणारी-जाणारी माणसं विचारतात, काय वाळत घातलंय.

गेल्या आठवड्यात त्याच डीओपींचा फोन आला. पुढचं काम कोर्टाच्या आवारातलं, वकिलांचे काळे कोट, दिवसाउजेडी. यादी वाचून दाखवली. मॅट बॉक्स, रॉड, फॉलो फोकस, आणि मग जरा थांबून, “एनडी संच.”

मी विचारलं, “कुठली?”

ते म्हणाले, “तुम्हीच बघा ना दादा.”

कोटेशन लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही.