अस्वल दिसलं का?

लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या गणपतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानाही मला हाच प्रश्न आला आहे. "अस्वल दिसलं का हो?" नऊ वर्षं मी "नाही" म्हणतोय. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो चिवड्याकडे वळतो. आता एकदाच खरं सांगतो.

मला माहीत नाही.

हिमाद्रीत, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळ, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलसुंद गावातल्या आपल्या भारताच्या संशोधन केंद्रात, मी पाच आठवडे होतो. गावाची हद्द ओलांडली की खांद्यावर रायफल हवी, हे माझे फोटो पाहिलेल्यांना माहीत आहेच. त्या फोटोत मी फार शूर दिसतो. पण पहिल्याच आठवड्यात मी व्हीएचएफ रेडिओवर "अस्वल, अस्वल" असा ओरडा केला होता आणि ते निघालं रेनडिअर. तिथली रेनडिअर बुटकी, फिकट असतात, पाठमोरी असली तर कुणीही फसेल. (फसतं का कुणी? मला तरी दुसरं कुणी भेटलं नाही.) तिथे सगळ्या देशांची माणसं एकाच मेसमध्ये जेवतात. रात्री एकानं माझ्याकडे बघून डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली. सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या रविवारी सुट्टी होती. आमच्यातलीच एक पीएच.डी. करणारी मुलगी आणि मी, मध्य लोवेन हिमनदीकडे चालत निघालो. बंदूक माझ्याकडे. वाटेत तो वायूनं भरलेली हवाई जहाजं बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा लागतो. ११ मे १९२६ ला आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले हे ध्रुवप्रवासी इथूनच 'नॉर्गे' नावाच्या हवाई जहाजातून ध्रुवावरून अलास्काकडे गेले. दोन वर्षांनी नोबिले 'इटालिया' घेऊन पुन्हा इथूनच निघाला आणि परतीत बर्फावर आपटला. त्याच्याशी वाकडं असूनही आमुंडसेन त्याला शोधायला १८ जून १९२८ ला ट्रोम्सोहून विमानानं निघाला, तो कायमचाच गेला. हे सगळं मी तिला ऐटीत सांगत होतो. नोबिलेचं मदतजहाज, 'चित्ता दी मिलानो', याच फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीत, उभं होतं. बर्फावरची माणसं बिनतारी हाका मारत होती आणि जहाजाला त्या पकडता आल्या नाहीत. ३ जूनला त्या ऐकल्या रशियातल्या एका खेड्यात निकोलाय श्मिट नावाच्या हौशी रेडिओवाल्यानं. "कान असून बहिरे," असं मी म्हणालो. चांगलं आठवतंय.

तासाभरानं आम्ही मोरेनच्या, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या, दगडधोंड्यांत पोचलो. ढग खाली आले होते. वरच्या कड्यावर पिवळसर पांढरं काहीतरी होतं, जुन्या धोतरासारख्या रंगाचं. ते हललं आणि मागे गेलं.

मी काही बोललो नाही.

"बूट चावतोय, परत फिरू या," एवढंच म्हणालो. तिनं लगेच सॅकमधून चिकटपट्टी काढली. "दाखवा." नको म्हणून ऐकेना. शेवटी दगडावर बसून मी बूट, मोजे, सगळं काढलं. टाच कोरी होती, लालही नव्हती. ती वाकून टाचेकडे बघत होती, मी तिच्या डोक्यावरून कड्याकडे, आणि बंदूक हाताला लागणार नाही इतकी लांब टेकवलेली. तिनं न बोलता त्या धडधाकट टाचेवर पट्टी लावली. रेडिओ माझ्या छातीवर होता. हिमनदीवर वर दोघं जण काम करत होते, सकाळीच त्यांचा आवाज ऐकला होता. बटण दाबायचं, एवढंच. मी बुटाची नाडी बांधली.

दुसऱ्या दिवशी कुणालातरी किनाऱ्याच्या ओल्या वाळूत पावलं दिसली. ती कालची की परवाची, यावर जेवताना वाद झाला. मला कुणी काही विचारलं नाही. मी डाळ वाढून घेतली. वरचे दोघं सुखरूप परतले होते, हे सांगायला हवं. ते मी स्वतःलाही बरेचदा सांगतो.

तेव्हाचा मी म्हणतो, दोनदा खोटा ठरलो असतो तर तिसऱ्यांदा कुणी विश्वास ठेवला नसता. मुद्दा बरोबर आहे. रोज लांडगा आला ओरडणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पण मी तर एकदाच ओरडलो होतो, आणि घाबरलो होतो ते अस्वलाला नाही, त्या दोन बोटांच्या शिंगांना. आणि तरी, ते रेनडिअरच असेल तर? कड्यावर, ढगात, क्षणभर दिसलेलं. बोललो असतो तर कदाचित आजही लोक तीच शिंगं करत असते, आणि मी इथे वेगळी तक्रार लिहीत बसलो असतो.

म्हणून मी "नाही" म्हणतो. "हो" म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, मग तुम्ही काय केलंत?

ती मुलगी आता परदेशात असते. दिवाळीला मेसेज येतो. शुभेच्छांच्या खाली दरवर्षी एक ओळ असते: "टाच कशी आहे?"