पालवी फुटली म्हणजे काडी लागली असं नाही

गुलाबाची काडी खोचली, आठ-दहा दिवसांत लालसर पालवी आली आणि महिना व्हायच्या आत सगळं वाळलं. छाट कलम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. काडीत पिष्टाचा साठा असतो, डोळे त्यावरच फुटतात. मुळांनाही तोच साठा लागतो. पालवीने बाजी मारली तर साठा तिकडे खर्च होतो, नवी पानं पाणी उडवू लागतात आणि ते भरून द्यायला खाली मूळ नसतं. त्यामुळे छाट कलमात काम एकच: मुळं येईपर्यंत काडी सुकूही द्यायची नाही आणि कुजूही द्यायची नाही.

काडी निवडताना फुलं-कळ्या असलेली फांदी टाळा. कोवळा लुसलुशीत शेंडा कुजतो आणि फार जुनं लाकूड महिनोन्‌महिने तसंच राहतं. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांना पेन्सिलीच्या जाडीची, नुकती घट्ट होऊ लागलेली फांदी चालते. लांबी १५ ते २० सेंमी, डोळे तीन-चार. खालचा काप पेराच्या (जिथून पान फुटतं त्या सांध्याच्या) लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या सेंटीमीटरभर वर आणि सरळ. तिरक्या कापाने मुळं जास्त येतात असं समजू नका. खालचं टोक कोणतं ते ओळखता यावं, एवढाच त्याचा मोठा उपयोग. काडी उलटी खोचली तर बहुधा ती वाया जाते, कारण संजीवकाचा, म्हणजे मुळं फुटायला लावणाऱ्या वनस्पतीतल्या द्रव्याचा, प्रवाह फांदीच्या मूळच्या दिशेनेच चालतो. खालची पानं काढा, वर एक-दोन ठेवा आणि ती मोठी असतील तर निम्मी कापा.

मुळं फुटण्याच्या पावडरीत बहुतेक वेळा इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए असतं. कोवळ्या काडीला १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), अर्धवट पक्व काडीला ३००० आणि टणक लाकडाला ८०००, असा ढोबळ हिशेब. जास्त लावलं की जास्त मुळं, असं मात्र होत नाही. बुंधा काळा पडतो, डोळेही अडून बसतात. पावडर कागदावर थोडी काढून घ्या. ओली काडी डबीत बुचकळली की डबीच खराब होते. आणि काडी खोचण्याआधी माध्यमात, म्हणजे ती लावायच्या मिश्रणात, भोक पाडा, नाहीतर लावलेली पावडर सगळी वरच पुसली जाते.

माध्यम म्हणून खडबडीत वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं. शेणखत नको, रासायनिक खत तर नकोच. खायला मुळंच नाहीत, आणि ओल्या जखमेपाशी बुरशीला मात्र मेजवानी. वरून पारदर्शक पिशवी घाला, पण कुंडी उजेडात ठेवा, उन्हात नाही. बंद पिशवीत ऊन शिरलं की काडी अक्षरशः शिजते. मुळं आली का हे बघायला काडी उपसू नका. हलकेच ओढून अडकल्यासारखी वाटली, किंवा कुंडीच्या भोकातून पांढरं टोक दिसलं, की समजा.

पानापासून रोप करणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. रबराच्या झाडाचं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मुळं येतात, पण देठाशी डोळा नसेल तर ते वर्षभर पानच राहतं. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचे पानाचे तुकडे लावले तर पिलं येतात, पण हिरवी. त्या कडा टिकवायच्या तर गड्डाच फोडून वेगळा करावा लागतो.

काडी दाद देत नसेल तिथे गुटी करा, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिची साल गोल काढायची आणि तिथे मुळं आणायची. लिची, लिंबू, पेरू, डाळिंब, सगळ्यांना चालते. गुटीत फांदी झाडावरच असल्यामुळे लाकडातून वर पाणी चालूच राहतं, अडतो तो फक्त सालीतून खाली उतरणारा अन्नरस. तो कापाच्या वरच्या कडेशी साचतो आणि मुळं तिथेच फुटतात. म्हणून पावडर वरच्या कडेलाच लावायची.

वर्षभराची, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड फांदी घ्या. पेराच्या खाली अडीच-तीन सेंमी रुंदीची साल गोल काढा. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून काढा. बहुतेक गुट्या फसतात त्या इथेच: तो थर राहिला की साल पुन्हा जुळते, अन्नरस खाली वाहू लागतो आणि दोन महिन्यांनी उघडल्यावर आत मुळांऐवजी नुसती गाठ सापडते. केळी, बांबू यांच्यात हा थरच नसतो, त्यांच्यावर ही पद्धत वाया.

शेवाळ (स्फॅग्नम मॉस) रात्रभर भिजवा आणि घट्ट पिळून घ्या; मुठीत दाबल्यावर थेंब पडत असेल तर अजून पिळा. मूठभर शेवाळ कापाभोवती बसवून प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं करकचून बांधा. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी शिरून आत सगळं कुजतं. कडक ऊन लागत असेल तर वरून कागद किंवा फॉइल.

एक ते दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी कोवळी असताना तोडू नका, ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्या. मग गुटीच्या खाली अर्धा काप द्या आणि आठवड्याने पूर्ण तोडा. वरची निम्मी पानं कमी करा. प्लॅस्टिक काढा, पण मुळांत गुंतलेलं शेवाळ सोडवायला जाऊ नका, तसंच कुंडीत लावा. शेजारी काठी रोवून फांदी बांधा, कारण वाऱ्याने हललं की ती नाजूक मुळं बुंध्याशीच तुटतात. दोन-तीन आठवडे सावली, आणि खत नवी पानं पूर्ण उघडल्यावरच.